रातपाळीचा हिशेब आणि शरीरातले घड्याळ

कापडाचा भाव काढताना आम्ही व्यापारी सूत, वीज, मजुरी, घसारा आणि व्याज धरतो. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीचे माग रात्रंदिवस चालतात. बारा तासांची पाळी तिथे अनेक कारखान्यांत रूढ आहे. पण रात्रभर मागासमोर उभ्या राहणाऱ्या कारीगराच्या तब्येतीची किंमत कोणत्याच वहीत चढत नाही. ही किंमत नेमकी कशी वाढत जाते, हे व्यापारी आणि कारखानदार बांधवांनी समजून घेतले पाहिजे.

माणसाच्या मेंदूत, दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर, सुमारे २०,००० मज्जापेशींचा लहानसा पुंजका आहे. हे शरीराचे मुख्य घड्याळ. यकृत, हृदय, स्वादुपिंड यांच्या पेशींतही आपापली घड्याळे असतात. मुख्य घड्याळ मुकादमासारखे या सर्वांना एका वेळेवर ठेवते आणि स्वतःची वेळ डोळ्यांतून येणाऱ्या उजेडावरून लावून घेते. अंधार पडला की मेलॅटोनिन हे संप्रेरक रक्तात वाढते. पहाटे शरीराचे तापमान सर्वांत खाली येते. म्हणूनच पहाटेच्या सुमारास डोळे जड होतात, तुटलेली तार लवकर दिसत नाही आणि हाताला इजा होण्याचा धोका वाढतो. त्याला कारीगराची कामचुकारी म्हणणे बरोबर नाही.

हे घड्याळ केवळ सवयीने चालत नाही. १७२९ साली फ्रान्समधील द मेरां यांनी लाजाळूसारखे झाड अंधारात ठेवले, तरी त्याची पाने ठरल्या वेळी उघडत आणि मिटत राहिली. १९६२ साली मिशेल सिफ्र हे फ्रेंच भूगर्भशास्त्रज्ञ घड्याळाशिवाय दोन महिने एका गुहेत राहिले. १४ सप्टेंबरला ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या हिशेबाने २० ऑगस्टच होती. मोजणीत पंचवीस दिवसांची तूट आली, पण त्यांचे झोपणे-उठणे मात्र सुमारे साडेचोवीस तासांच्या चक्राने चालू होते. पेशीतले घड्याळ कसे चालते, हे फळमाशीवरील संशोधनातून उलगडणारे हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना २०१७ चे नोबेल मिळाले. एक प्रथिन रात्री पेशीत साठत जाते, पुरेसे साठले की स्वतःचेच उत्पादन थांबवते, मग दिवसा घटते आणि काम पुन्हा सुरू होते. गोदाम भरले की माल थांबवावा आणि रिकामे झाले की पुन्हा मागवावा, तसाच हा व्यवहार.

आता रातपाळीकडे पाहू. मेंदू म्हणतो रात्र आहे, पोटात मात्र जेवण पडते. सकाळी घेतलेले जेवण रात्री घेतले तर रक्तातील साखर जास्त चढते. वर्षानुवर्षे असे चालले की मधुमेह, वजनवाढ आणि हृदयविकार यांचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली घड्याळ बिघडवणाऱ्या पाळीच्या कामाला आणि २०१९ साली रातपाळीला ‘बहुधा कर्करोगकारक’ या वर्गात ठेवले. याचा अर्थ रातपाळीच्या प्रत्येक माणसाला कर्करोग होतो असा नाही, पण इशारा दुर्लक्ष करण्यासारखाही नाही.

अनेक ठिकाणी आठवड्याने पाळी बदलते. शरीराचे घड्याळ दिवसाला साधारण एखाद्या तासानेच सरकते. म्हणजे ते नव्या वेळेकडे निम्म्या वाटेवर आले न आले तोच पाळी पुन्हा उलटते. शिवाय दिवसा उन्हात, गोंगाटात, एका खोलीत अनेकांनी आळीपाळीने घेतलेली झोप पुरी होत नाही ती वेगळीच.

रातपाळी उद्या बंद होईल असे आम्ही म्हणत नाही. पण काही गोष्टी कमी खर्चात होण्यासारख्या आहेत. पाळीच्या पहिल्या भागात भरपूर उजेड असावा. मुख्य जेवण पाळीआधी व्हावे, मध्यरात्री हलकेच खावे आणि पाळीच्या शेवटच्या तासांत चहा टाळावा. मध्यंतरी वीस मिनिटांची डुलकी मिळावी. घरी पायी जाताना काळा चष्मा लावावा. वाहन चालवणाऱ्याने मात्र लावू नये. निजण्याच्या खोलीला जाड पडदा असावा, आणि तो आमच्याच गोदामातील कटपीसचा होऊ शकतो. तीन पाळ्या असतील तिथे बदल सकाळ, दुपार, रात्र या क्रमाने करावा, कारण आपले घड्याळ पुढे ढकलणे मागे ओढण्यापेक्षा सोपे जाते. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या कारीगराने डॉक्टरांना आपली पाळी सांगावी आणि औषधांची वेळ त्यांच्याकडूनच ठरवून घ्यावी.

मागाला आपण वेळेवर तेल देतो, कारण तो बंद पडला तर नुकसान लगेच दिसते. कारीगराची तब्येत हळूहळू झिजते आणि ते नुकसान त्याच्या घरच्यांच्या नावावर पडते. ज्यांचा नफा रात्रीच्या कामातून येतो, त्यांनी या खर्चातला वाटा उचलणे हाच चोख व्यवहार होय.