मोटारीचे ब्रेक : मोठे कीं योग्य ?

आम्ही आमच्या सबंध हयातींत सायकलीपलीकडे कोणतेंहि वाहन चालविलेलें नाहीं. सारें आयुष्य मुलांकडून रूपें व धातू घोकून घेण्यांत गेलें. असें असतां वेगवान् मोटारीस कोणते ब्रेक बसवावे, या विषयावर आम्हीं लेखणी उचलावी याचें वाचकांस नवल वाटेल. परंतु प्रसंगच तसा आला. आणि त्या प्रसंगानें जें शिकविलें तें, ज्या घरांत तरुण मुलगे व वेगवान् वाहनें एकत्र नांदतात अशा प्रत्येक घराच्या उपयोगी पडेल, असें वाटल्यावरून हे चार शब्द.

आमच्या थोरल्या बंधूंचा मुलगा जर्मनींत कोलोन शहरीं नोकरीस आहे. सूनबाईंना सातवा महिना लागला तेव्हां आम्ही उभयतां तिकडे गेलों. पुतण्यानें तेथें माझदा कंपनीची एम्. एक्स्. ५ ही दोन बैठकांची, उघड्या टपाची छोटी मोटार हौसेनें घेतलेली. त्या शहरापासून फार दूर नाहीं असा न्यूरबुर्गरिंग नांवाचा डोंगराळ शर्यतमार्ग आहे. १९२७ सालीं खुल्या झालेल्या या मार्गाचा उत्तरेकडील वेढा २०.८ किलोमीटर लांबीचा असून त्यांत सत्तरांवर वळणें आणि सुमारें ३०० मीटरांचा चढउतार आहे. ठराविक वेळीं पैसे भरून कोणाहि नागरिकास आपली गाडी तेथें फिरवितां येते. पुतण्या अधूनमधून तेथें जात असे.

एका रविवारीं तो परत आला तो पानावर बसला, पण जेवला नाहीं. रात्रीं गॅलरींत आम्हांस एकटें गांठून म्हणाला, "काका, आज तिसऱ्या फेरींत उतारावर ब्रेक दाबला, तर पेडल लोण्यांत पाय रुतावा तसें तळाला गेलें. दोनतीन वेळां भराभर दाबलें, खालचा गिअर टाकला, तेव्हां गाडी आवरली. हिला सांगूं नका."

आम्ही म्हणालों, "बाळ, गाडी विकणार असशील तर सांगूं नकोस. ठेवणार असशील तर आजच सांग."

त्यानें सांगितलें. सूनबाई रडल्या नाहींत, रागावल्याहि नाहींत, एवढेंच म्हणाल्या, "मग आतां काय करायचें तें नीट ठरवा." दुसऱ्या दिवशीं पुतण्यानें आमच्यापुढें एक सूचिपत्र ठेवलें. त्यांत 'बिग ब्रेक किट' म्हणून ओळखला जाणारा संच होता : ताटाएवढ्या तबकड्या आणि त्यांस दोहों बाजूंनीं धरणारे, सहा सहा दट्ट्यांचे लाल कॅलिपर. किंमत त्याच्या कित्येक महिन्यांच्या बचतीएवढी. आमच्या सौ. ना तो लाल रंग फार आवडला. परंतु आम्हांस शाळेंतली संवय. उत्तराआधीं प्रश्न तपासावा. म्हणून आम्ही दोघे कागद घेऊन बसलों.

ब्रेक गाडीची गति गिळून टाकतो असें आपण म्हणतों. वस्तुतः तो तिची उष्णता करतो. माणसांसह १२०० किलोंची गाडी ताशीं १५० किलोमीटर वेगानें जात असेल, तर तिच्या अंगीं सुमारें १० लाख ज्यूल इतकी गतिजन्य ऊर्जा असते. एवढ्या ऊर्जेनें २० अंशांवरील सुमारें ३ लिटर पाणी उकळीस येईल. तें काम चुलीवर कांहीं मिनिटांचें. ब्रेकला तें चारपांच सेकंदांत करावें लागतें. शिवाय ही ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. वेग दुप्पट तर उष्णता चौपट.

ब्रेक लावतांना गाडीचा भार पुढें झुकतो, म्हणून बहुतेक काम पुढच्या चाकांस पडतें. दोन तृतीयांश उष्णता पुढच्या दोन तबकड्यांनीं घेतली आणि प्रत्येक लोखंडी तबकडी ६ किलोंची धरली, तर वरच्या एका थांबण्यानें ती सुमारें १२५ अंशांनीं तापते. तबकडी ९ किलोंची असेल तर सुमारें ८५ अंशांनीं. मोठ्या संचाचा खरा गुण येथें आहे : त्यांत उष्णता मावते, आणि अधिक पृष्ठभागामुळें ती हवेंत लौकर निघून जाते. वळणामागून वळण येऊन निवण्यास अवधि मिळत नाहीं, तेथें हा गुण लाखमोलाचा ठरतो.

परंतु मोठ्या ब्रेकनें गाडी कमी अंतरांत थांबते ही जी समजूत आहे, ती मात्र तपासून घ्यावी. ब्रेक चाकाला थांबवितो. गाडीला थांबवितो तो टायर. मूळच्या ब्रेकनेंच चाक जखडण्याच्या सीमेपर्यंत येत असेल, तर त्याहून बळकट ब्रेक पहिल्या थांबण्यांत अधिक कांहीं करूं शकत नाहीं. तेथें चांगले टायर घेणें हाच उपाय.

आतां मुख्य प्रश्न. पुतण्याच्या गाडीला झालें काय ? ब्रेक निकामी होण्याचे दोन प्रकार आहेत आणि ते पायाला निरनिराळे कळतात. पेडल कठीणच राहतें, पण गाडी थांबत नाहीं, तेव्हां पॅड आपल्या सोसण्यापलीकडे तापून त्यांची पकड गेलेली असते. पेडल मऊ होऊन तळाला जातें, तेव्हां बहुधा ब्रेक ऑईल उकळलेलें असतें. द्रव दाबला जात नाहीं, म्हणूनच पायाचा जोर चाकापर्यंत पोंचतो. त्यांत वाफेचे बुडबुडे झाले कीं तो जोर त्यांना चेंगरण्यांत खर्च होतो.

आणि हें ऑईल हवेंतील ओल शोषून घेतें. डॉट ४ प्रतीचें ऑईल नवें असतां निदान २३० अंशांपर्यंत उकळूं नये असा दंडक आहे. ओल मुरल्यावर तोच दंडक १५५ अंशांवर येतो. म्हणून तें साधारण दोन वर्षांनीं बदलावें असें सांगतात. आम्हीं पुतण्यास विचारलें, "शेवटचें केव्हां बदललेंस ?" तो गप्प राहिला. गाडी घेतल्यापासून चार वर्षें त्या ऑईलास कोणाचा हात लागलेला नव्हता.

म्हणजे लाल कॅलिपर हें या दुखण्याचें पहिलें औषध नव्हतेंच. जुनें ऑईल तसेंच ठेवून नवा संच बसविला असता, तर तोच प्रसंग पुन्हां, कदाचित् अधिक वेगांत, आला असता.

तरीहि संच घ्यावयाचा झाल्यास काय पाहावें, हें आम्हीं टिपून ठेवलें. पहिलें, पुढच्यामागच्याचा तोल. केवळ पुढचे ब्रेक फार जोरदार केले, तर मागच्या चाकांची पकड वायां जाते आणि थांबण्याचें अंतर उलट वाढूं शकतें. दुसरें, दट्ट्यांची संख्या नव्हे तर त्यांचें एकूण क्षेत्रफळ. तें मास्टर सिलिंडरच्या मानानें फार वाढलें, तर पेडल लांब जाऊं लागतें. तिसरें, चाकाच्या आंत जागा आहे कीं नाहीं. चांगले कारखानदार कागदी नमुना देतात, तो कापून मोजावा. चौथें, वजन, चाकापाशीं वाढलेला प्रत्येक किलो खड्ड्यांत जाणवतो, म्हणून मध्यभाग ॲल्युमिनिअमचा असलेली दोन तुकड्यांची तबकडी बरी. पांचवें, आडव्या खांचांची तबकडी. भोंकें पाडलेली दिसावयास सुंदर, पण अतितापानें भोंकांपाशीं तडे जाऊं शकतात. सहावें, झिजणारें कडें व पॅड पुढेंहि मिळतील कीं नाहीं. आणि सातवें, सरकारी मान्यता. जर्मनींत अशा बदलास प्रमाणपत्र लागतें, आणि तज्ज्ञाकडून तपासणी लागणारा असेल तर ती करून घ्यावी लागते; मान्यतेवांचून बदल केल्यास गाडी रस्त्यावर आणण्याचा परवानाच रद्द होऊं शकतो.

शेवटीं ठरलें तें असें. नवें, अधिक ताप सोसणारें ऑईल. त्या कामास योग्य व मान्यता असलेले पॅड. पोलादी जाळीच्या वेष्टणाच्या नळ्या. आणि चांगले टायर. संच तूर्त नको. नवे पॅड बसविल्यावर ते तबकडीशीं जुळवून घ्यावे लागतात : मध्यम वेगावरून पुनःपुनः गति कमी करावयाची, पण पुरतें थांबावयाचें नाहीं, आणि मग ब्रेक न लावतां गाडी निवूं द्यावयाची. पुतण्यानें तेंहि मन लावून केलें. पुढच्या खेपेस एक फेरी जोराची व दुसरी सावकाश, निवण्याची, असा नेम ठेवला. परत आल्यावर त्यानें प्रथम सूनबाईंना सांगितलें, "पेडल शेवटपर्यंत दगडासारखें होतें." त्या रात्रीं तो पोटभर जेवला.

कठोपनिषदांतील रथाचें रूपक आम्हीं कित्येक वर्षें मुलांस समजावून दिलें. त्यांत सारा भर लगामावर आहे, घोड्यांच्या वेगावर नाहीं, हें आम्हांस ठाऊक होतें. पण लगाम चिवट आहे कीं कुजला आहे हें अधूनमधून हातानें चांचपून पाहावें लागतें, हें या वेळीं कळलें.

घरांतील वडीलधाऱ्यांस आमची एकच विनंति. मुलगा असा प्रसंग सांगावयास आला, तर "उद्यांपासून गाडीला हात लावूं नकोस" असें म्हणण्याआधीं, पेडल कठीण होतें कीं मऊ, एवढें विचारावें. पहिल्या वाक्यानें तो पुढच्या वेळीं सांगावयाचा नाहीं. दुसऱ्यानें कदाचित् तो वांचेल. आणि तरुणांस विनंति कीं, सांगावें. आमची नात आतां आठ महिन्यांची झाली आहे. संचासाठीं सांठविलेल्या पैशांपैकीं बरेचसे तिच्या पाळण्यांत व बाबागाडींत गेले असें पत्र आलें, आणि खालीं सूनबाईंच्या हातची एक ओळ होती : "बाबागाडीला ब्रेक आहे, काका. दाबून पाहिला."