शिशाचा ससाणा आणि मानवतचा पिंपळ

सॅम स्पेडचा भागीदार रात्री गोळी लागून मरतो. दुसऱ्या दिवशी स्पेड ऑफिसात येतो आणि आपल्या सेक्रेटरीला सांगतो, दारावरच्या पाटीतून त्याचे नाव काढून टाक, नुसते 'सॅम्युएल स्पेड' राहू दे. डोळ्यांत पाणी नाही, भाषण नाही. या भागीदाराच्या बायकोशी स्पेडचे आधीपासूनच संधान आहे, हेही एव्हाना प्रेक्षकाला कळलेले असते. आणि तरीही अख्ख्या चित्रपटात त्यातल्या त्यात विश्वास टाकावा असा माणूस हाच! जॉन ह्यूस्टनचा 'द माल्टीज फाल्कन' १९४१ चा. पुढची पंधराएक वर्षे हॉलीवूडमध्ये जे कृष्णधवल, रात्रीचे, संशयाने भरलेले गुन्हेपट आले, त्यांचा स्वभाव या पाटीच्या प्रसंगातच ठरून गेला होता.

चित्रपटात सगळे धावतात ते एका पक्ष्यामागे. माल्टाच्या सरदारांनी १५३९ साली स्पेनच्या राजासाठी घडवलेला, सोन्याचा आणि रत्नांनी मढवलेला ससाणा. चोरांपासून लपवण्यासाठी वरून काळा रंग दिलेला. जाडजूड गटमन सतरा वर्षे त्याच्या शोधात आहे. त्यापायी खून पडतात, प्रेमाची नाटके होतात, मित्र विकले जातात. शेवटी पक्षी हाती लागतो, गटमन चाकूने रंग खरवडतो आणि आतून निघते शिसे. एखादा कोसळला असता. गटमन क्षणभर थरथरतो, सावरतो आणि पुन्हा शोधाला निघायची भाषा करतो. या चित्रपटातली खरी भीती पिस्तुलांची नाही, गटमनच्या या सावरण्याची आहे.

परभणी जिल्ह्यातल्या माणसाला हे वेड परके वाटू नये. ते आपल्या मानवतमध्ये घडून गेले आहे, न्यायालयाच्या कागदांवर आहे आणि त्यावर दोनदा पडद्यावरचे काम झाले आहे. पण तिथे पोचण्याआधी थोडा वळसा घ्यावा लागेल.

हा चित्रपट ज्याच्या कादंबरीवरून आला तो डॅशिएल हॅमेट लेखक होण्यापूर्वी पिंकर्टन या खासगी गुप्तहेर कंपनीत नोकरीला होता. पाळत ठेवणे, माग काढणे, माणसे खोटे कशी बोलतात ते ऐकणे हे त्याचे पोटापाण्याचे काम. म्हणून त्याचा गुप्तहेर स्पेड शेरलॉक होम्ससारखा राखेवरून सिगार ओळखत नाही. तो समोरच्याला बोलू देतो आणि त्याचा भाव किती ते जोखतो. 'ब्लॅक मास्क' या स्वस्त मासिकात ही कादंबरी १९२९ मध्ये क्रमशः आली, पुढच्या वर्षी पुस्तक निघाले. ह्यूस्टनच्या आधी तिच्यावर दोन चित्रपट येऊन गेले होते, ते आज अभ्यासकांशिवाय कोणी पाहत नाही. ह्यूस्टनचे दिग्दर्शनाचे हे पहिलेच काम. गटमन झालेला सिडनी ग्रीनस्ट्रीट साठी ओलांडून पहिल्यांदाच कॅमेऱ्यासमोर उभा राहिला. छायालेखक आर्थर एडिसनने कॅमेरा खाली ठेवून त्याचे पोट असे दाखवले आहे की खोलीत दुसऱ्या कोणाला जागाच उरू नये.

युद्ध संपल्यावर हे चित्रपट एकदमच पॅरिसला पोचले. १९४६ मध्ये नीनो फ्रँक या समीक्षकाने त्यांना 'फिल्म न्वार' म्हटले आणि नाव चिकटले. त्याच वर्षी रेमंड चँडलरच्या कादंबरीवरचा 'द बिग स्लीप' आला. स्पेड झालेला बोगार्टच पुन्हा, या वेळी फिलिप मार्लो या नावाने. त्यातल्या ड्रायव्हरला कोणी मारले हे चित्रीकरण करणाऱ्यांना कळेना, म्हणून त्यांनी चँडलरला विचारले, तर ते त्यालाही माहीत नव्हते, ही गोष्ट हॉलीवूडमध्ये नेहमी सांगितली जाते. सांगण्यासारखीच आहे. न्वारमध्ये कोणी मारले याला दुय्यम महत्त्व असते. गाव किती सडले आहे ते दिसले की काम झाले.

आता आपल्याकडे पाहू. मराठीत गुप्तहेरांची टंचाई कधीच नव्हती. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या आणि त्यांचे झुंजार व काळा पहाड वाचनालयांतून, एसटी स्टँडच्या स्टॉलवरून, रेल्वेच्या डब्यातून फिरत राहिले. गुरुनाथ नाईक आले, सुहास शिरवळकरांचे दारा बुलंद, फिरोज इराणी, बॅरिस्टर अमर विश्वास आले. भा. रा. भागवतांनी मुलांसाठी फास्टर फेणे उभा केला. या मंडळींनी दोन-तीन पिढ्यांना वाचायची सवय लावली आणि समीक्षकांनी त्याबद्दल त्यांना काडीचे श्रेय दिले नाही. तरीही न्वार मात्र यात नाही. झुंजार कायदा मोडेल, पण मोडेल तो दुबळ्याच्या बाजूने. शेवटच्या पानावर जग पुन्हा जागेवर येते आणि वाचक निर्धास्त झोपतो. सॅम स्पेड ज्या बाईवर जीव जडला असे म्हणतो तिलाच पोलिसांच्या हवाली करतो, आणि त्यानंतर त्याला झोप लागली असेल का, हे चित्रपट सांगत नाही.

मुंबईच्या हिंदी सिनेमाने न्वारचा प्रकाश उचलला, काळोख तेवढा उचलला नाही. गुरुदत्तचा 'बाजी' (१९५१) आणि राज खोसलांचा 'सी.आय.डी.' (१९५६) यांत जुगाराचे अड्डे आहेत, सिगारेटचा धूर आहे, जिन्यावर पडलेल्या कठड्याच्या सावल्या आहेत. मधूनच गाणे येते आणि देव आनंद हसला की मनातली सगळी शंका फिटते. मराठीत याच्या जवळ गेले ते राजा परांजपे. १९६४ चा 'पाठलाग' जयंत देवकुळे यांच्या 'आशा परत येते' या कादंबरीवरचा. नामांकित वकिलाची बायको वारते, आणि नंतर दरोडेखोरांच्या टोळीत सापडलेली हुबेहूब तिच्यासारखी एक बाई कोर्टात उभी राहून म्हणते, मीच याची बायको. काशिनाथ घाणेकरांचा वकील तिची उलटतपासणी घेतो, आणि घरातल्या खासगी गोष्टी ती पटापट सांगत सुटते तेव्हा त्याच्या पायाखालची जमीन सरकते. इथे गुप्तहेर म्हणजे नवराच, आणि शोध स्वतःच्याच बेडरूमचा. खोसलांनी दोन वर्षांनी त्याचा 'मेरा साया' केला. रंगीत, देखणा, गाण्यांनी गाजलेला. पण कृष्णधवल 'पाठलाग'मधला संशय रंगात पातळ झाला, असे मला वाटते. अर्थात शेवटी उलगडा तिथेही होतो आणि घर सावरते.

मानवतमध्ये घर सावरले नाही.

परभणीहून पाथरीकडे जाताना लागणारे हे गाव कापसाच्या बाजारासाठी ओळखले जाते. १९७२ हे दुष्काळाचे साल. विहिरी आटलेल्या, माणसे खडी फोडायला गेलेली. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात गावाच्या शिवारात एका कोवळ्या मुलीचा मृतदेह सापडला. मग दुसरी, मग आणखी. मुली, मग बायका. १९७४ च्या जानेवारीपर्यंत हे चालले. चौदा महिने आयांनी मुलींना एकटे बाहेर सोडले नाही. स्थानिक तपास रखडला आणि अखेर मुंबई क्राइम ब्रँचचे रमाकांत कुलकर्णी मानवतला आले.

कुलकर्णी म्हणजे १९६८ च्या रामन राघव प्रकरणातले नावाजलेले अधिकारी. तिथे मुंबईचा फूटपाथ होता, एकट्या फिरणाऱ्या विक्षिप्त माणसाने केलेले खून होते. इथे गाव होते, आणि गावाला नाती असतात, जात असते, देणे-घेणे असते, पुढाऱ्याचा धाक असतो. संशयाची सुई फिरत फिरत नगराध्यक्षपद भूषवलेल्या एका धनवान माणसाकडे आणि त्याच्या रखेलीकडे आली. सरकार पक्षाचे म्हणणे असे की पिंपळाखाली गुप्तधन आहे, त्यावर मुंजा बसला आहे, त्याला कुमारिकांचे रक्त हवे, असे मांत्रिकाने सांगितले. बाईला मूलही हवे होते. हाताखालची गरीब माणसे हत्यार झाली. पिंपळाखाली धन निघाले नाही.

शिसे निघाल्यावर गटमन नव्या शोधाला लागतो, आणि इथे एका बळीने धन दिसले नाही म्हणून दुसरा बळी. दोन्हीकडचे तर्कशास्त्र एकच. फरक इतकाच की हॅमेटच्या गोष्टीत मरणारी माणसे स्वतः लोभाच्या खेळात उतरलेली आहेत. मानवतच्या मुली पाण्याला, सरपणाला, शेताला निघालेल्या होत्या.

खटला परभणीच्या सत्र न्यायालयात चालला, उच्च न्यायालयात गेला आणि 'दगडू व इतर विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या नावाने १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यावर निकाल दिला. कायद्याचे विद्यार्थी तो आजही वाचतात, पण पिंपळासाठी नव्हे. कटात सामील असलेलाच माफीचा साक्षीदार झाला तर त्याच्या शब्दावर किती विसंबायचे, आणि शिक्षा ठोठावण्याआधी आरोपीचे म्हणणे ऐकून घेणे किती बंधनकारक, हे त्यातले मुद्दे. कोणाला शिक्षा झाली, कोणी सुटले. गावाला हवा होता तसा स्वच्छ शेवट न्यायालयाला देता आला नाही, आणि न्यायालयाचे ते कामही नव्हे.

या प्रकरणावर पहिला चित्रपट आला तो १९८१ मध्ये. 'आक्रीत' हे अमोल पालेकरांचे पहिले दिग्दर्शन, पटकथा विजय तेंडुलकरांची. 'छोटी सी बात'मधला लाजाळू कारकून आणि 'गोलमाल'मधला रामप्रसाद ज्यांच्या मनात होता त्यांना पालेकर स्वतः त्या धनवान माणसाच्या भूमिकेत दिसले. रखेलीच्या भूमिकेत चित्रा पालेकर. तेंडुलकरांनी इथे मोठा निर्णय घेतला. त्यांनी गुप्तहेराला मध्यभागी बसवलेच नाही. आपण सगळा वेळ त्या दोघांच्या घरात, त्यांच्या हावेत आणि एकमेकांना बांधून ठेवणाऱ्या त्यांच्या गरजेत अडकून राहतो. बाहेरून कोणी येऊन आपल्याला सोडवील ही आशा कुठेच नाही. नाँतच्या महोत्सवात त्याला ज्युरींचा विशेष पुरस्कार मिळाला. मराठी प्रेक्षकाने मात्र त्याला जवळ केले नाही. गल्लीतल्या शेजाऱ्याचा चेहरा असलेला खुनी पाहायला कोण तिकीट काढतो?

दुसरी कलाकृती ताजी आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये सोनी लिव्हवर आलेली 'मानवत मर्डर्स' ही आठ भागांची मालिका, दिग्दर्शक आशिष बेंडे, आधार कुलकर्णींच्याच 'फूटप्रिंट्स ऑन द सॅण्ड्स ऑफ क्राइम' या पुस्तकाचा. आशुतोष गोवारीकर कुलकर्णी झाले आहेत आणि मकरंद अनासपुरे यांनी आपल्या विनोदी प्रतिमेला पूर्ण रजा दिली आहे. सोनाली कुलकर्णी आणि सई ताम्हणकर यांच्या भूमिका तपासापेक्षाही लक्षात राहतात. गोवारीकरांचा अधिकारी सभ्य, शांत, घरी बायकोशी मृदू बोलणारा. पाहायला आवडतो. माझी तक्रारही तीच आहे. तो मुंबईहून निर्मळ येतो आणि निर्मळ परत जातो. गावाचा चिखल त्याच्या बुटाला लागतो, मनाला नाही. स्पेडच्या अंगी जी खोट आहे, ती नसली की काळोख फक्त गुन्हेगारांचा ठरतो आणि आपण सोफ्यावर बसून हळहळायला मोकळे.

खरे तर आपल्या मातीत खासगी गुप्तहेर रुजलाच नाही. शहरांत लग्नाआधीची चौकशी करणाऱ्या संस्था आहेत, पण त्यांच्या नियमनासाठी २००७ साली राज्यसभेत आलेल्या विधेयकाचा कायदा कधी झाला नाही. तालुक्याच्या गावात पोलिसांकडे जायचे नसेल तर माणूस देवऋष्याकडे जातो. हरवलेली वस्तू, पळालेली बायको, आटलेले दूध, बांध कोरणारा भाऊबंद या सगळ्यांचा तपास तोच लावतो, आणि पैसे आधी घेतो. मराठी न्वार लिहायचा असेल तर स्पेडच्या खुर्चीत बसवायला माणूस इथे आहे. त्याच्यावर लिहायचे धाडस तेंडुलकरांनंतर फारसे कोणी केले नाही.

सगळ्यांत क्रम लावायचा तर माझ्या मते 'आक्रीत' सर्वांत वर. कौशल्य 'पाठलाग'मध्ये जास्त, नेटकेपणा नव्या मालिकेत जास्त. पण ह्यूस्टनच्या चित्रपटाची खरी भावकी 'आक्रीत'शी. शिशाला सोने मानत राहणारा माणूस आतून कसा दिसतो, हे या दोघांनीच दाखवले.

अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात २० ऑगस्ट २०१३ रोजी खून झाला आणि मग त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. त्याच्या अनुसूचीत गुप्तधनाच्या शोधापायी केलेली अमानुष कृत्ये आणि नरबळी यांचा स्वतंत्र उल्लेख आहे. मानवतच्या पहिल्या खुनानंतर एकेचाळीस वर्षांनी.