जॉब निवू द्या

दिवाळी अंकासाठी ‘इंडस्ट्री 4.0’वर लेख हवा, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर यंत्रमानव होते. जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या औद्योगिक प्रदर्शनात 2011 साली हा शब्द लोकांसमोर आला आणि तेव्हापासून त्याच्याबरोबर तीच ती चित्रं छापून येतात. भोसरी एमआयडीसीतल्या ज्या ग्राइंडिंगच्या वर्कशॉपमध्ये मी तीन दिवस बसलो, तिथे यंत्रमानव नव्हता. काळ्या ग्रॅनाइटची सरफेस प्लेट होती, स्टँडमध्ये बसवलेला डिजिटल मायक्रोमीटर होता, त्याच्या बुडातून निघालेली बारीक वायर होती आणि टेबलाखाली पायाने दाबायची एक कळ होती. या वायरीवरच लिहायचं, हे पहिल्याच दुपारी ठरलं.

टेबलावरच्या ताई अकरा वर्षं इन्स्पेक्शन करतात. डाव्या हाताने शाफ्ट जबड्यात धरायचा, उजव्या हाताने रॅचेट फिरवायचं. टक, टक, टक. तीन आवाज झाले की थांबायचं. त्याहून जोर लावला तर स्क्रू जॉबला दाबतो आणि आकडा बिघडतो. दोन्ही हात गुंतलेले, म्हणून पाय कळीवर. कळ दाबली की स्क्रीनवरच्या रकान्यात आकडा उमटतो आणि आलेखावर एक ठिपका वाढतो. “आधी घरी शिलाई करायचे. पायाला सवय होतीच, दादा,” असं म्हणत त्यांनी पुढचा जॉब उचलला.

शाफ्टचा व्यास 25 मिलिमीटर, ड्रॉइंगवर h6. म्हणजे 24.987 ते 25.000 यांच्या मध्येच हवा. तेरा मायक्रॉनची ही जागा. डोक्यावरचा केस साधारण साठ-सत्तर मायक्रॉन जाड असतो. त्याचे पाच उभे काप केले तर त्यातल्या एकाएवढी.

वायर येण्याआधी टेबलावर वही होती. दर तासाला पाच जॉब मोजायचे, आकडे लिहायचे, सरासरी काढायची, आलेख भरायचा. तो आलेख शंभर वर्षांचा आहे. अमेरिकेतल्या वेस्टर्न इलेक्ट्रिकमध्ये वॉल्टर शूहार्ट यांनी 16 मे 1924 रोजी आपल्या वरिष्ठांना एका पानाचं टिपण दिलं, त्यात त्याचं पहिलं चित्र होतं. प्रक्रिया बिघडायला लागली की माल बिघडण्याआधीच ठिपके ते सांगतात, ही त्यातली थोर गोष्ट. पण त्यासाठी ठिपका वेळेवर पडायला हवा. वहीतले ठिपके बहुतेक कारखान्यांत शिफ्टच्या शेवटच्या अर्ध्या तासात पडतात. ताईंनी जुनी वही काढून दाखवली. एका पानावर 24.939 लिहिलेलं, त्यावर लाल गोल. प्रत्यक्षात जॉब 24.993चा होता. दोन अंकांची जागा बदलली आणि चांगल्या जॉबांचा अख्खा क्रेट दोन दिवस अडकून पडला.

आता त्या वायरीबद्दल. जपानच्या मितुतोयोने (येहान नुमाता यांनी 1934 साली तोक्योत स्थापलेली कंपनी, मायक्रोमीटर बनवण्यापासूनच सुरुवात झालेली) आपल्या उपकरणांसाठी आकडा बाहेर पाठवण्याची एक पद्धत ठरवली, डिजिमॅटिक. ती इतकी साधी आहे की मी कागदावर मांडून पाहिली आणि बघतच राहिलो. समोरून मागणी आली की उपकरण तेरा अंक पाठवतं. पहिले चार नुसती खूण, ‘आता बोलतोय’ एवढीच. पाचवा अधिक की उणे. पुढचे सहा प्रत्यक्ष माप. बारावा सांगतो दशांशचिन्ह कुठे, आणि तेरावा मिलिमीटर की इंच. ताईंचा 24.993 या वायरीतून 024993 असा जातो, मागून 3 आणि 0. प्रत्येक अंकाला चार स्पंदनं, सगळी मिळून बावन्न. एका तारेवर ठोका पडतो, दुसऱ्या तारेवर त्या ठोक्याला एक खूण मांडली जाते. खलाशाने दिव्याची उघडझाप करून निरोप द्यावा तसं. माणसाच्या डोळ्याने वाचलेला, मनात धरलेला आणि पेनाने उतरवलेला आकडा तीन ठिकाणी घसरू शकतो. इथे त्या तिन्ही जागाच राहिल्या नाहीत.

आणखी एक जागा बुजते, आणि माझ्या मते तीच सर्वांत मोलाची. गुणवत्ताशास्त्राचे जाणकार जोसेफ जुरान यांनी तिला ‘फ्लिंचिंग’ म्हटलं आहे, आपण कचरणं म्हणू. मोजणाऱ्याच्या नोंदी तपासल्या की कधी कधी मर्यादेच्या अगदी आत आकड्यांची गर्दी दिसते आणि मर्यादेबाहेर एकदम शुकशुकाट. जॉब एका मायक्रॉनने गेलेला असतो, बाजूला ऑपरेटर उभा असतो, डिस्पॅचची गाडी दारात असते आणि पेन 24.987 लिहून मोकळं होतं. ही हातसफाई मला लबाडी वाटत नाही. एका पगारदार माणसाच्या खांद्यावर टाकलेलं ते ओझं आहे. ताई म्हणाल्या, “आता मी नाही म्हणत नाही, मशीन म्हणतं. भांडण माझ्याशी होत नाही.” त्यांना मिळालेली ही मोकळीक कुठल्याही माहितीपत्रकात छापलेली मी पाहिलेली नाही.

मालक मात्र अडचणी सांगायला लागले आणि संध्याकाळ झाली.

पहिल्या महिन्यात वायर थेट कॉम्प्युटरला लावली होती. अशा जोडणीत कॉम्प्युटर मायक्रोमीटरला कीबोर्ड समजतो, आकडा ‘टाइप’ होतो आणि कर्सर जिथे असेल तिथे पडतो. एका सकाळी सुपरवायझरची डिस्पॅचची शीट उघडी राहिली आणि चाळीस शाफ्टांचे व्यास नगांच्या रकान्यात जाऊन बसले. मग थेट सॉफ्टवेअरशी बोलणारा डबा घेतला. साफसफाईत कुणीतरी तो यूएसबीच्या दुसऱ्या खाचेत लावला. कॉम्प्युटरने त्याला नवा पोर्ट नंबर दिला, सॉफ्टवेअर जुन्या नंबरावर वाट बघत राहिलं आणि एक शिफ्ट पुन्हा वहीवर गेली. कूलंटचं तेलकट पाणी कनेक्टरमध्ये शिरतं ते वेगळंच. बिनतारी उपकरणं आहेत, पण त्यांची बॅटरी शिफ्टच्या मधोमध संपते. निम्म्या कामाला तर अजून गो-नोगो प्लग गेज लागतं. त्यातून आकडा निघतच नाही, नुसतं जातं किंवा जात नाही.

या सगळ्यावर पैसे आणि थोडी चिकाटी यांनी मार्ग निघतो. ज्यावर अजून निघालेला नाही ते मी तिसऱ्या दिवशी पाहिलं. ग्राइंडरवरून उतरलेला शाफ्ट ताईंनी हातात घेतला, क्षणभर मुठीत धरला आणि न मोजताच सरफेस प्लेटवर ठेवून दिला. “निवू दे,” त्या स्वतःशीच म्हणाल्या, चुलीवरून उतरवलेल्या भाकरीबद्दल म्हणावं तसं. पोलाद तापलं की वाढतं, एक मीटरला दर अंशामागे साधारण साडेअकरा मायक्रॉन. मायक्रोमीटरपेक्षा जॉब दहा अंशांनी गरम असेल तर 25 मिलिमीटरचा व्यास जवळजवळ तीन मायक्रॉन जास्त दिसतो. तेरातले तीन. म्हणूनच जगभर मापं 20 अंश सेल्सिअसला धरलेली आहेत. भोसरीत मे महिन्यात ते तापमान फक्त एसी असलेल्या खोलीत सापडतं.

सॉफ्टवेअरने जॉब उतरल्यापासून पाच मिनिटांत माप मागितलं होतं. पाच मिनिटं झाली, स्क्रीन पिवळी झाली, नंतर लाल. सुपरवायझर येऊन म्हणाला, “ताई, घेऊन टाका ना.” ताईंनी घेतलं. 24.999 आलं, ठिपका हिरवा. वीस मिनिटांनी त्यांनी तोच जॉब पुन्हा मोजला, कळ न दाबता, माझ्यासाठी. 24.996. दोन्ही मर्यादेत, म्हणून त्या दिवशी काही बिघडलं नाही. पण नोंदीत गरम आकडा राहिला, आणि त्या आकड्यावरून ग्राइंडरचं ऑफसेट बदललं असतं तर पुढचा प्रत्येक शाफ्ट तीन मायक्रॉनने जास्त घासला गेला असता. तेरा अंकांच्या त्या निरोपात जॉब गरम की निवलेला, हे सांगायला जागा नाही. हाताची मूठ ते सांगते, पण मुठीला वायर नाही.

मी निघेपर्यंत मालकांनी पाचाची पंचवीस मिनिटं करून द्यायला सॉफ्टवेअरवाल्यांना फोन केला होता. बदल पुढच्या व्हर्जनमध्ये मिळेल असं उत्तर आलं. तोवर ताईंनी एका ट्रेवर खडूने आकडे टाकून दहा खाने केलेत आणि जॉब उतरल्याची वेळ त्या खान्यापाशी लिहितात.

हा लेख वाचणाऱ्यांत छोटे कारखानदार असतील. त्यांना माझी एक विनंती आहे. असं सॉफ्टवेअर विकायला माणसं येतील त्या बैठकीत इन्स्पेक्शनच्या टेबलावरच्या माणसाला खुर्ची द्या, आणि ऑर्डरवर सही करण्याआधी त्याला विचारा की जॉब निवायला किती वेळ लागतो. तो आकडा ऑर्डरमध्येच लिहून घ्या.