लॉगशीटवरचा शेरा आणि पहाटेची गाडी

हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातील साखरा या गावाचा बाजार, दवाखाना, कचेरी आणि महाविद्यालय यांच्याशी असलेला संबंध बऱ्याच अंशी महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाच्या बसवर, म्हणजे एसटीवर अवलंबून असतो, आणि त्या बसचे आरोग्य आगारावर अवलंबून असते. आगार, म्हणजे बोलीतला डेपो, ही गाड्या उभ्या राहण्याची, धुण्याची, डिझेल भरण्याची आणि दुरुस्तीची जागा होय. जिल्ह्यात हिंगोली, वसमत आणि कळमनुरी अशी तीन आगारे असून ती परभणी विभागात मोडतात. सेनगावला बसस्थानक आहे, पण आगार नाही. त्यामुळे या तालुक्यातील रस्त्यांवर धावणारी गाडी हिंगोली, जिंतूर किंवा वाशीम जिल्ह्यातील रिसोड अशा दुसऱ्या ठिकाणच्या कार्यशाळेतून येते, आणि वाटेत बंद पडली तर मदतही तेथूनच यावी लागते.

चालक आणि कार्यशाळेतील यांत्रिक कर्मचारी यांच्यातील कुरबूर हा राज्यभरातील आगारांत नित्याचा विषय आहे. चालकाचे म्हणणे असे असते की बिघाड लिहून दिला तरी तीच गाडी तशीच्या तशी पुन्हा माथी मारली जाते. मेकॅनिकचे म्हणणे असे की सामान नाही, हात कमी आहेत आणि चालकाला गाडी नेण्याची इच्छा नसली की बिघाड सुचतात. या दोन्ही तक्रारी ऐकणारा माणूस त्यांना स्वभावदोष समजून सोडून देतो. वास्तविक हे भांडण दोन माणसांचे नसून दोन मोजमापांचे आहे, आणि ही मोजमापे ठरवणारे अधिकारी दोघांच्याही वरचे असतात.

गाडीचा बिघाड चालकाने सांगायचा कसा, याची पद्धत ठरलेली आहे. प्रत्येक कामगिरीबरोबर चालकाला लॉगशीट नावाचा कागद मिळतो, ज्यावर गाडीचा क्रमांक, चाललेले किलोमीटर आणि भरलेले डिझेल यांबरोबर गाडीतील दोषांचीही नोंद करता येते. गाडी आगारात परतल्यावर हा शेरा कार्यशाळेत पोहोचावा, रात्रपाळीत काम व्हावे आणि पहाटे गाडी बाहेर पडावी, अशी अपेक्षा असते. परंतु चालकाला दुसऱ्या दिवशी तीच गाडी मिळेलच असे नसते, कारण चालकाची नेमणूक कामगिरीवर होते आणि गाडी त्या दिवशीच्या उपलब्धतेनुसार बदलते. सोमवारी ज्याने 'ब्रेक कमी आहेत' असे लिहिले तो मंगळवारी दुसऱ्याच गाडीवर असतो, आणि मंगळवारी त्या गाडीवर बसणाऱ्याला सोमवारचा शेरा ठाऊक नसतो. अशा रीतीने तक्रारीला पालक उरत नाही.

मुक्कामी गाडीची स्थिती याहून अवघड असते. रात्री शेवटच्या गावी थांबून पहाटे तेथूनच निघणारी बस ती मुक्कामी गाडी. साखऱ्यासारख्या दूरच्या गावांना सकाळी वेळेवर बाहेर पडता यावे म्हणून ही सोय अत्यंत मोलाची आहे. पण ज्या रात्री गाडी गावात उभी असते त्या रात्री ती कार्यशाळेच्या खड्ड्यावर, म्हणजे खालून तपासणी करण्यासाठी बांधलेल्या चरावर, चढत नाही, आणि दैनंदिन देखभालीची एक पाळी चुकते.

बिघाडाचे स्वरूप समजण्यासाठी हवेच्या ब्रेकचे उदाहरण घेणे उपयुक्त ठरेल. बसचा ब्रेक दाबलेल्या हवेवर चालतो: इंजिनावर फिरणारा कॉम्प्रेसर टाकीत हवा भरतो, पायाखालचे पेडल दाबले की ती हवा चाकाजवळच्या कक्षात जाते आणि तिच्या रेट्याने ब्रेकचे अस्तर, म्हणजे लायनर, फिरत्या ड्रमवर घासले जाते. लायनर झिजले की त्याचे व ड्रमचे अंतर वाढते आणि ते वेळोवेळी जुळवून घ्यावे लागते. नळीत किंवा सांध्यात गळती असेल तर टाकी भरायला वेळ लागतो; चालकांच्या भाषेत गाडी 'हवा धरत नाही'. अनेक गाड्यांत मागच्या चाकांना सुरक्षेसाठी स्प्रिंगचा ब्रेक असतो, जो हवा पुरेशी नसली की आपोआप आवळला जातो. म्हणून गळकी गाडी पहाटे लगेच हलत नाही, आणि इंजिन सुरू ठेवून हवा भरण्याची वाट पाहत बसणे एवढेच चालकाच्या हाती राहते.

या वाट पाहण्यात डिझेल जळते, आणि येथे पहिले मोजमाप आडवे येते. महामंडळात चालकाची कार्यक्षमता पाहताना 'केपीटीएल' हा आकडा महत्त्वाचा मानला जातो. दहा लिटर डिझेलमध्ये गाडी किती किलोमीटर चालली, एवढाच त्याचा अर्थ. हा आकडा घसरला की जाब चालकाला विचारला जातो. परंतु ब्रेक चाकाला किंचित धरून राहत असेल, टायरमध्ये हवा कमी असेल, डिझेल फवारणारा पंप नीट लावलेला नसेल, तर सर्वांत कसबी चालकाच्या हातीही आकडा घसरणारच. सेल्फ लागत नसेल, म्हणजे इंजिन सुरू करणारी विजेची मोटर निकामी असेल, तर चालक थांब्यावर इंजिन बंद करण्याची हिंमत करत नाही, कारण बंद केलेली गाडी प्रवाशांना उतरवून धक्का मारल्याशिवाय पुन्हा सुरू होत नाही. तेथेही जळणारे डिझेल चालकाच्याच खात्यावर लिहिले जाते. देखभालीतील दोषाचा दंड चालवणाऱ्याने भरावा, ही व्यवस्था अन्यायाची आहे.

दुसरे मोजमाप कार्यशाळेचे. पहाटे ठरलेल्यापैकी किती गाड्या आगाराबाहेर पडल्या आणि किती किलोमीटर रद्द झाले, यावर आगार जोखले जाते. गाडी उभी ठेवली तर ती लगेच हिशेबात दिसते. अर्धवट दुरुस्त होऊन बाहेर पडली तर दिसत नाही, निदान ती रस्त्यात बंद पडेपर्यंत तरी. सुटे भाग वेळेवर न आल्यास मेकॅनिक उभ्या असलेल्या एका गाडीचा भाग काढून दुसरीला बसवतो. त्यामुळे आजची गाडी निघते आणि उभी असलेली आणखी खोल रुतते. अशा स्थितीत काम करणाऱ्या माणसाला नवा शेरा म्हणजे आणखी एक ओझे वाटू लागते, आणि बाहेरून पाहणाऱ्याला तो असहकार वाटतो. शिवाय चालकाची तक्रार गाडी भरलेली, तापलेली आणि खड्ड्यातून चाललेली असतानाची असते, तर मेकॅनिकची तपासणी रिकाम्या, थंड आणि सपाट फरशीवर उभ्या असलेल्या गाडीची. मराठवाड्यातील काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, त्यामुळे तिच्यावरील रस्ते लवकर उखडतात आणि स्प्रिंगचे पाटे व स्टिअरिंगचे सांधे तितक्याच लवकर झिजतात. ही झीज धक्के बसतानाच कळते. दोघांनी मिळून गाडी एकदा रस्त्यावर फिरवून पाहिली तर निम्मे वाद तेथेच मिटतील.

या दुखण्याला अलीकडच्या काळाचीही पार्श्वभूमी आहे. करोनाकाळ आणि त्यामागोमाग ऑक्टोबर २०२१ ते एप्रिल २०२२ या काळातील कर्मचाऱ्यांचा प्रदीर्घ संप यांत असंख्य गाड्या महिनोन्महिने उभ्या राहिल्या; उभ्या गाडीची बॅटरी उतरते, रबरी भाग कडक होतात आणि पत्रा गंजतो. त्यानंतर ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत आणि मार्च २०२३ पासून महिलांना निम्म्या भाड्यात प्रवास मिळू लागला. दोन्ही सवलती योग्यच होत्या, परंतु वाढलेली गर्दी त्याच थकलेल्या गाड्यांनी वाहिली. मार्च २०२३ मध्ये भूम आगाराच्या खिडक्या तुटलेल्या बसवर शासनाची जाहिरात असल्याचे छायाचित्र गाजले आणि निलंबनाची कारवाई कर्मचाऱ्यांवर झाली. त्याच वर्षी जुलैत गडचिरोली जिल्ह्यात छताचा पत्रा उचकटून वाऱ्यावर आपटत धावणारी एसटी सर्वांनी पाहिली. खालच्या माणसाला निलंबित केल्याने भांडारात सुटे भाग येत नाहीत, हे सांगण्याची खरे तर गरज पडू नये.

मराठवाड्याला या बाबतीत एक वेगळा वारसा आहे, आणि त्याचा विसर पडलेला दिसतो. निजामाच्या हैदराबाद संस्थानात १९३२ साली सरकारी बससेवा सुरू झाली ती रेल्वेच्या रस्ते वाहतूक विभागामार्फत, अवघ्या २७ गाड्यांनिशी. पुणे-अहमदनगर मार्गावर १ जून १९४८ रोजी धावलेल्या पहिल्या एसटीच्याही सोळा वर्षे आधी. मराठवाडा १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला आणि पुढे येथील बससेवा एकत्रित महामंडळात विलीन झाली. ज्या रेल्वेच्या पोटी ही सेवा जन्मली त्या रेल्वेत आजही गाडी सुटण्यापूर्वी ब्रेकच्या क्षमतेचे प्रमाणपत्र तयार होते आणि त्यावर तपासणाऱ्या कर्मचाऱ्याबरोबर गाडी चालवणाऱ्याचीही सही असते. तपासणारा आणि चालवणारा एकाच कागदावर बांधले जातात, म्हणून एकाने दुसऱ्यावर ढकलण्याला वाव राहत नाही. एसटीच्या लॉगशीटवर चालकाच्या शेऱ्यासमोर दुरुस्ती करणाऱ्याची सही, काम झाले नसल्यास त्याचे कारण, आणि पुढच्या चालकाला मागच्या शेऱ्याची प्रत, एवढी व्यवस्था काटेकोरपणे पाळण्यास फारसा खर्च येणार नाही.

कायद्याची दृष्टीही हीच आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १९० नुसार धोकादायक दोष असलेले वाहन चालवणारा जसा दोषी ठरतो तसाच ते चालवायला लावणारा किंवा चालवू देणाराही ठरतो; दोष त्याला ठाऊक असावा किंवा साधी काळजी घेतली असती तर कळला असता, एवढे पुरे होते. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये मिनू मेहता खटल्यात असे स्पष्ट केले की अपघात यांत्रिक बिघाडाने झाला असे म्हणणाऱ्या वाहनमालकाने तो दोष छुपा होता आणि वाजवी काळजी घेऊनही सापडण्याजोगा नव्हता, हे दाखवले पाहिजे. लॉगशीटवर आधीच लिहिलेला दोष छुपा म्हणता येत नाही. चालकाच्या हातच्या त्या दोन ओळींचे वजन एवढे मोठे आहे, आणि म्हणूनच 'लिहू नको, तोंडी सांग' हा सल्ला चालकाने कधीही मानू नये.

महामंडळाने २०२४ मध्ये २,१०४ नव्या डिझेल गाड्यांची मागणी एका कंपनीकडे नोंदवली, आणि नव्या गाड्या येणे ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु नवी गाडीही काही वर्षांत त्याच खड्ड्यावर, त्याच अपुऱ्या सामानाच्या भांडारासमोर उभी राहणार आहे.

ही व्यवस्था सुधारेपर्यंत साखरा आणि सेनगाव परिसरातील प्रवाशांना एक विनंती करावीशी वाटते. स्थानकावर एखादा चालक ब्रेक नीट नसल्याचे सांगून गाडी न्यायला नकार देत असेल, तर उशीर होतो म्हणून त्याच्यावर ओरडू नये. स्थानकातील तक्रार पुस्तक मागून घ्यावे, गाडीचा क्रमांक, तारीख आणि चालकाने सांगितलेला दोष त्यात लिहावा, आणि खाली आपली सही करावी.