विद्यापीठे व व्यवसायांतील समाजमाध्यमांचा वापर आणि माहिती सुरक्षा

विद्यापीठे व व्यवसायांतील समाजमाध्यमांचा वापर आणि माहिती सुरक्षा हा माहिती तंत्रज्ञान, कायदा व व्यवस्थापनशास्त्र या तिन्ही शाखांशी निगडित असलेला विषय आहे. व्हॉट्सॲप, फेसबुक, इंस्टाग्राम, टेलिग्राम, यूट्यूब, लिंक्डइन इत्यादी माध्यमांतून संस्थेची, तिच्या कर्मचाऱ्यांची, विद्यार्थ्यांची किंवा ग्राहकांची माहिती बाहेर कशी जाते, तिचा गैरवापर कोणत्या मार्गांनी होतो आणि तो कसा टाळता येतो, याचा विचार या विषयात केला जातो. प्रस्तुत लेखातील उदाहरणे प्रामुख्याने महाराष्ट्रातील, विशेषतः मराठवाड्यातील नांदेड व लातूर या जिल्ह्यांतील आहेत.

मूलभूत संकल्पना

माहिती सुरक्षेची तीन अंगे मानली जातात : गोपनीयता, अखंडता आणि उपलब्धता. ज्याला अधिकार आहे त्यालाच माहिती मिळणे म्हणजे गोपनीयता. परीक्षेपूर्वी प्रश्नपत्रिका बाहेर आली तर गोपनीयतेचा भंग होतो. माहितीत अनधिकृत बदल न होणे म्हणजे अखंडता. विद्यापीठाच्या परिपत्रकातील तारीख बदलून ते पुढे पाठवले तर मूळ माहिती कोणी चोरलेली नसते, तरीही तिची अखंडता नष्ट झालेली असते. गरजेच्या वेळी माहिती हाती येणे म्हणजे उपलब्धता. दुकानाचे व्हॉट्सॲप खाते दुसऱ्याच्या ताब्यात गेले, तर मालकाला स्वतःच्याच ग्राहकांशी संपर्क साधता येत नाही.

समाजमाध्यमांमुळे या तिन्ही अंगांवर ताण येतो. ही माध्यमे माहिती झपाट्याने व दूरवर पसरवण्यासाठी घडवलेली आहेत, तर सुरक्षेसाठी माहिती मर्यादित व पडताळलेली असणे आवश्यक असते.

पार्श्वभूमी

समाजमाध्यमांचा विद्यापीठांशी आरंभापासून संबंध आहे. इ.स. २००४ मध्ये अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात सुरू झालेल्या फेसबुकचे सदस्यत्व प्रारंभी विद्यापीठाचा ई-मेल पत्ता असणाऱ्यांनाच मिळत असे. इ.स. २००९ मध्ये सुरू झालेले व्हॉट्सॲप फेसबुकने २०१४ मध्ये विकत घेतले. भारतात २०१६ पासून मोबाइल डेटा स्वस्त झाला आणि त्याच वर्षी यूपीआय ही देयक प्रणाली सुरू झाली. परिणामी संवाद आणि पैशांचा व्यवहार ही दोन्ही कामे एकाच मोबाइल संचावर होऊ लागली. इ.स. २०२० मधील टाळेबंदीच्या काळात अध्यापन, गृहपाठ व सूचना यांसाठी महाविद्यालयांनी व्हॉट्सॲप गटांचा आधार घेतला व ती पद्धत पुढेही टिकून राहिली.

नांदेड-लातूर विभागातील स्वरूप

स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापना १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेड येथे झाली. नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली हे चार जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात येतात. माहूर व किनवट हे डोंगराळ तालुके जिल्ह्याच्या उत्तर टोकाला असून माहूरपासून नांदेडचे अंतर शंभराहून अधिक किलोमीटर आहे. परीक्षा अर्जाची मुदत, शिष्यवृत्ती किंवा निकाल यांविषयी प्रत्येक वेळी विद्यापीठात जाऊन चौकशी करणे अशा ठिकाणच्या विद्यार्थ्यांना परवडणारे नसते. मोबाइलवर आलेली सूचना हाच त्यांचा मुख्य आधार असतो. त्यामुळे खोट्या सूचनेचा फटकाही दूरच्या विद्यार्थ्याला अधिक बसतो.

लातूर हे वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षांच्या तयारीचे केंद्र आहे. 'लातूर पॅटर्न' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अध्यापनपद्धतीमुळे अनेक जिल्ह्यांतील विद्यार्थी तेथे येतात. शिकवणी वर्गांच्या जाहिरातींत विद्यार्थ्यांची छायाचित्रे, गुण व आसन क्रमांक यांचा सर्रास वापर होतो. महाराष्ट्र राज्य मंडळाचा दहावी-बारावीचा निकाल आसन क्रमांक व आईचे नाव भरून पाहता येतो. म्हणून प्रवेशपत्राचे छायाचित्र समाजमाध्यमावर टाकले, तर तो निकाल कोणालाही उघडता येतो.

माहूर हे साडेतीन शक्तिपीठांपैकी एक असलेल्या रेणुकादेवीचे स्थान आहे. दत्तशिखर व अनसूया शिखर यांमुळेही तेथे वर्षभर भाविक येतात. निवासव्यवस्था, प्रसाद व पूजासाहित्याची दुकाने आणि प्रवासी वाहने हे येथील प्रमुख व्यवसाय होत. तीर्थक्षेत्री येणारा ग्राहक बहुधा परगावचा असतो व खोलीची चौकशी मोबाइलवरच करतो. नेमक्या याच परिस्थितीचा फसवणूक करणारे लाभ घेतात. भक्तनिवास, हेलिकॉप्टर सेवा किंवा यात्रा सहल यांच्या नावाने बनावट संकेतस्थळे व फेसबुक पाने तयार करून आगाऊ रक्कम उकळली जाते, असा इशारा केंद्रीय गृह मंत्रालयाच्या भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्राने एप्रिल २०२५ मध्ये दिला होता. त्यात केदारनाथ, चारधाम व सोमनाथ येथील आरक्षणांचा उल्लेख होता. अशा फसवणुकीत भाविकाचे पैसे जातात आणि ज्याचे नाव वापरले गेले, त्या प्रामाणिक व्यावसायिकाची पतही जाते.

धोक्यांचे प्रमुख प्रकार

तोतयेगिरी : प्राचार्य, कुलगुरू किंवा कंपनीचे संचालक यांचे छायाचित्र लावून नवे खाते उघडले जाते आणि कनिष्ठ कर्मचाऱ्यांना 'मी बैठकीत आहे, तातडीने रक्कम पाठवा' असा संदेश जातो. येथे कोणतीही संगणक प्रणाली फोडावी लागत नाही. वरिष्ठांना प्रश्न न विचारण्याची सवय हीच फसवणुकीची वाट ठरते.

खाते बळकावणे : नवीन मोबाइल संचावर व्हॉट्सॲप सुरू करताना सहा अंकी संकेतांक येतो. तो चुकून तुमच्याकडे आला, असे सांगून मागून घेतला जातो व खाते ताब्यात घेतले जाते. मग गटातील इतरांकडे ओळखीच्या नावाने पैसे मागितले जातात.

एपीके फाइल : लग्नपत्रिका, वाहतूक दंडाची पावती किंवा शासकीय योजनेचा अर्ज या नावाने पाठवलेली फाइल वस्तुतः अँड्रॉइड ॲप असते. ती उघडून परवानग्या दिल्यास मोबाइलवर येणारे लघुसंदेश, त्यांतील बँकेच्या ओटीपीसह, दुसऱ्याच्या हाती जातात.

बँक खाते भाड्याने देणे : टेलिग्राम किंवा इंस्टाग्रामवरून 'घरबसल्या कमाई'चे आमिष दाखवून विद्यार्थ्याचे बँक खाते, एटीएम कार्ड व सिमकार्ड घेतले जाते. फसवणुकीची रक्कम अशा खात्यांतून फिरवली जाते. खातेदाराला त्यातील अल्प रक्कम मिळते, मात्र तपासात पहिले नाव त्याचेच पुढे येते. खाते गोठवले जाते व फौजदारी कारवाईही होऊ शकते.

अनवधानाने प्रकटन : गुणपत्रक, आधार कार्ड किंवा बँक पासबुक यांच्या प्रती शेकडो सदस्यांच्या गटात मागवणे ही अनेक कार्यालयांतील रुळलेली पद्धत आहे. गटातील प्रत्येक सदस्याच्या मोबाइलवर त्या प्रती साठतात आणि नंतर त्या परत घेता येत नाहीत.

उल्लेखनीय घटना

केंब्रिज ॲनालिटिका प्रकरण (२०१८) : केंब्रिज विद्यापीठातील एका संशोधकाने तयार केलेल्या व्यक्तिमत्त्व चाचणीच्या ॲपमधून फेसबुक वापरकर्त्यांची व त्यांच्या मित्रांची माहिती गोळा झाली व ती राजकीय सल्लागार कंपनीकडे गेली. फेसबुकच्या अंदाजानुसार जगभरातील सुमारे ८.७ कोटी लोकांची माहिती यात गुंतली होती.

ट्विटरवरील हल्ला (जुलै २०२०) : हल्लेखोरांनी ट्विटरच्या कर्मचाऱ्यांना दूरध्वनी करून त्यांच्याकडून प्रवेशाची माहिती मिळवली आणि १३० खात्यांना लक्ष्य केले. अत्याधुनिक यंत्रणा असलेली कंपनीही बोलण्यात फसवून भेदता येते, हे या घटनेतून दिसले.

कॉसमॉस बँक (ऑगस्ट २०१८) : पुण्यातील या सहकारी बँकेतून ११ ते १३ ऑगस्ट या काळात सुमारे ९४ कोटी रुपये काढण्यात आले. बनावट कार्डांद्वारे २८ देशांतील एटीएममधून रक्कम निघाली व काही रक्कम हाँगकाँगमधील खात्यात वळवली गेली. इ.स. २०२३ मध्ये पुण्यातील न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवले.

शंकर नागरी सहकारी बँक, नांदेड (जानेवारी २०२१) : या बँकेच्या आयडीबीआय बँकेतील खात्यातून १४ कोटी रुपयांहून अधिक रक्कम ऑनलाइन पद्धतीने अनेक खात्यांत वळवण्यात आली. कॉसमॉस व शंकर बँकेवरील हल्ले समाजमाध्यमांवरील हल्ले म्हणून ओळखले जात नाहीत. तथापि अशी रक्कम पुढे नेण्यासाठी इतरांच्या नावावरील असंख्य खाती लागतात. वर वर्णन केलेली खाती भाड्याने देण्याची पद्धत या दृष्टीने गंभीर ठरते.

यूजीसी-नेट परीक्षा (जून २०२४) : १८ जून रोजी झालेली ही परीक्षा दुसऱ्याच दिवशी रद्द करण्यात आली. ९ लाखांहून अधिक उमेदवारांनी ती दिली होती. प्रश्नपत्रिका आधीच फुटल्याचा पुरावा म्हणून टेलिग्रामवर फिरलेल्या छायाचित्रात फेरफार केलेला होता, असे केंद्रीय अन्वेषण विभागाच्या तपासात आढळले. त्याच वर्षी नीट परीक्षेतील गैरप्रकाराच्या आरोपांचा तपास लातूरपर्यंत पोहोचला होता. खरी फूट आणि फुटीची अफवा या दोन्हींचा भार अखेर परीक्षार्थींवरच पडतो, हे या दोन प्रकरणांतून स्पष्ट झाले.

कायदेशीर चौकट

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६६-क नुसार दुसऱ्याचा पासवर्ड किंवा इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरी लबाडीने वापरणे, तर ६६-ड नुसार संगणकीय साधनाद्वारे तोतयेगिरी करून फसवणे हा गुन्हा आहे. दोन्हींसाठी तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. भारतीय संगणक आपत्ती प्रतिसाद पथक अर्थात सर्ट-इन या संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटनेची माहिती कळल्यापासून सहा तासांच्या आत तिला कळवणे संस्थांना बंधनकारक आहे.

सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला. त्यानंतर डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होतात. या कायद्यात १८ वर्षांखालील व्यक्ती बालक मानली जाते व तिच्या माहितीसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती लागते. अकरावी-बारावीचे विद्यार्थी असलेली कनिष्ठ महाविद्यालये व शिकवणी वर्ग यांच्यासाठी ही तरतूद महत्त्वाची आहे. माहितीच्या संरक्षणात कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

उपाययोजना

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये उच्च शिक्षण संस्थांसाठी सायबर स्वच्छतेची पुस्तिका व सायबर सुरक्षेचा अभ्यासक्रम प्रसिद्ध केला. महाराष्ट्र शासनाने जुलै २०२५ मध्ये शासकीय कर्मचाऱ्यांच्या समाजमाध्यम वापराबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. वैयक्तिक व कार्यालयीन खाती वेगळी ठेवणे आणि गोपनीय कागदपत्रे प्रसारित न करणे यांचा त्यांत समावेश आहे.

संस्थांच्या पातळीवर पुढील उपाय प्रभावी ठरतात :

* प्रत्येक परिपत्रक प्रथम अधिकृत संकेतस्थळावर प्रसिद्ध करणे व गटात केवळ त्याचा दुवा देणे.
* सूचनांच्या गटात फक्त व्यवस्थापकांना लिहिण्याची मुभा ठेवणे.
* व्हॉट्सॲपवर द्विस्तरीय पडताळणी सुरू करणे व जोडलेल्या उपकरणांची यादी वेळोवेळी तपासणे.
* पैशांच्या मागणीची खात्री आधीपासून ठाऊक असलेल्या क्रमांकावर प्रत्यक्ष बोलून करणे.
* कर्मचारी सोडून गेल्यास संस्थेच्या पानांवरील त्याचे अधिकार त्याच दिवशी काढणे.
* दुकानातील क्यूआर संकेत रोज तपासणे आणि निवासाचे अधिकृत क्रमांक दर्शनी फलकावर व गुगल नकाशावर एकसारखे ठेवणे.

फसवणूक झाल्यास १९३० या राष्ट्रीय मदतवाहिनीवर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलवर विनाविलंब तक्रार करावी लागते. रक्कम पुढील खात्यात जाण्यापूर्वी ती थांबवणे शक्य असल्याने पहिले काही तास निर्णायक असतात. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार बँकेची व ग्राहकाची दोघांचीही चूक नसताना झालेला व्यवहार तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास ग्राहकावर भार पडत नाही. ग्राहकाने स्वतः ओटीपी सांगितला असल्यास मात्र कळवेपर्यंतचे नुकसान त्यालाच सोसावे लागते.

वाद व मर्यादा

सुरक्षेच्या नावाखाली अभिव्यक्तीवर बंधने येण्याचा धोकाही या विषयाशी जोडलेला आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघर येथे एका फेसबुक नोंदीवरून दोन तरुणींना अटक झाली. त्यातून उद्भवलेल्या श्रेया सिंघल विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान अधिनियमातील कलम ६६-अ घटनाबाह्य ठरवले. त्यामुळे संस्थेची आचारसंहिता गोपनीय माहितीपुरती मर्यादित असावी की संस्थेवरील टीकेलाही लागू व्हावी, हा प्रश्न विद्यापीठांत व कार्यालयांत वारंवार उपस्थित होतो.

दुसरी मर्यादा साधनांची आहे. मोठ्या कंपन्यांत स्वतंत्र सुरक्षा अधिकारी असतो. तालुक्याच्या महाविद्यालयात मात्र हे काम एखाद्या लिपिकाकडे किंवा संगणकाच्या शिक्षकाकडे असते व तो ते स्वतःच्या मोबाइलवरून करतो. छोट्या दुकानात कुटुंबातील सर्वजण एकच संच वापरतात. मोठ्या संस्थांसाठी लिहिलेली नियमावली येथे जशीच्या तशी लागू पडत नाही. मराठीतील सोप्या सूचना, प्रत्यक्ष प्रशिक्षण आणि फसवणूक झालेल्याला दोष न देता तत्काळ तक्रार करण्यास साहाय्य करणारी व्यवस्था यांची अशा ठिकाणी अधिक गरज असते. लाजेपोटी दडवलेली फसवणूक पुढच्या फसवणुकीला वाव देते.