तारलीचा पावसाळा

तीर्थपुरीसारख्या कोरडवाहू गावी राहून मी समुद्रातल्या तारलीविषयी लिहावे, याचे वाचकांना नवल वाटेल. पण आमच्या कपाशीला पाऊस देणारा नैऋत्य वाराच या गरिबाच्या मासळीचाही अन्नदाता आहे!

पावसाळ्यात हा वारा केरळच्या किनाऱ्याजवळचे वरचे पाणी दूर लोटतो. त्याच्या जागी तळचे थंड, पोषक क्षारांनी भरलेले पाणी वर येते. त्यात सूक्ष्म वनस्पती फोफावतात. त्याच सुमारास तारली अंडी घालते आणि पिलांना अन्न तयार मिळते.

तारलीचे आयुष्य अवघे दोन-अडीच वर्षांचे. दोन हंगामांची वीण वाया गेली, की जाळी रिकामी! २०१५ साली एल निनोने पॅसिफिक महासागर तापला. इकडे आमच्या विहिरी आटल्या, तिकडे तारली रोडावली. केरळात २०१२ साली सुमारे ३.९ लाख टन तारली मिळाली होती. २०२१ साली साडेतीन हजार टनही नाही. त्यात बेसुमार मासेमारीची भर पडली होतीच.

वाऱ्यावर आपली सत्ता नाही. पण दहा सेंटिमीटरहून लहान तारली धरण्यास केरळात बंदी आहे, ती उगीच नव्हे. बियाणेच खाऊन बसलेल्या कुणब्याला चांगला पाऊस तरी काय देणार?