काळ्या दगडासाठी जुनी काच

नाशिकच्या काळाराम मंदिराच्या आवारात दहाच्या उन्हात फोटो काढणं अवघड असतं. सरदार रंगराव ओढेकरांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधलेलं हे मंदिर काळ्या दगडाचं आहे. उन्हात शिखर तळपतं आणि कमानींच्या आत डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये असा काळोख असतो. आजच्या चोख लेन्सने हे टिपलं की वर पांढराफेक तुकडा आणि खाली काळा डाग हाती येतो. ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीची लेन्स डिजिटल रेंजफाइंडरवर चढवणारे हौशी लोक मला अशा ठिकाणी अगदी योग्य वाटतात.

कारण साधं आहे. त्या काळच्या बहुतेक लेन्सवर परावर्तन रोखणारं कोटिंग नसे. कोटिंग नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. मॅक्स बेरेक यांनी लायकासाठी रचलेल्या ५० मिमी एल्मारमध्ये चार काचा आहेत. त्यातल्या दोन एकमेकींना चिकटवलेल्या असल्याने हवेला लागणारे पृष्ठभाग सहा. परत फिरलेला काही प्रकाश आतच घुटमळतो आणि चित्रभर पातळसा पसरतो. सावल्या किंचित उजळतात, कॉन्ट्रास्ट उतरतो. याने सावलीत नवा तपशील निर्माण होत नाही, तो सेन्सरलाच टिपावा लागतो. पण दगडावरचं कोरीव काम डोळ्याला दिसतं तसं मवाळ उतरतं, आणि मला तेच हवं असतं.

झाइसच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी काचेवरच्या कोटिंगचं पेटंट १९३५ साली मिळवलं. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला आणि ‘राजा हरिश्चंद्र’नंतर नाशिकला बस्तान हलवून ‘मोहिनी भस्मासुर’ केला, ते सगळं काम बिनकोटिंगच्या काचेतूनच झालं. नाशिकचं ऊन आणि असली काच यांची ओळख शंभर वर्षांहून जुनी आहे.

आता यंत्राकडे वळू. रेंजफाइंडरमध्ये आपण लेन्समधून बघत नाही, शेजारच्या खिडकीतून बघतो. मधल्या उजळ चौकोनात एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात. लेन्सची कडी फिरवली की मागचा पितळी भाग कॅमेऱ्यातल्या छोट्या चाकाला ढकलतो आणि दोन्ही प्रतिमा एकमेकींवर येऊन बसतात. झाला फोकस. बॅटरीवर चालणारी मोटर नाही, की लेन्स-कॅमेऱ्यात विजेची बोलाचाली नाही. म्हणून १९३०च्या दशकातली आटे असलेली लेन्स १ मिमी जाडीच्या अ‍ॅडॉप्टरवर बसवली की १९५४च्या लायका एम३वर चालते, तशीच २००४च्या एप्सन आर-डी१वरही चालते. आर-डी१ हा पहिला डिजिटल रेंजफाइंडर. त्यानंतर २००६ मध्ये लायका एम८ आला, त्याचा सेन्सर फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान होता. पूर्ण ३६ × २४ मिमीचा सेन्सर २००९च्या एम९मध्ये मिळाला.

फिल्मवर झाकली जाणारी चूक इथे झाकली जात नाही. सोव्हिएत ज्युपिटर-८ हे याचं उत्तम उदाहरण. झाइससाठी लुडविग बेर्टेले यांनी रचलेल्या सोनारची ही आवृत्ती, ५० मिमी एफ/२. लायकाचा रेंजफाइंडर ५१.६ मिमीची फोकल लेंग्थ धरून आखलेला आहे, तर या घराण्याचं माप ५२.४ मिमीच्या आसपास. फरक एक मिमीचाही नाही. पण अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून मीटरभरावरच्या माणसाच्या डोळ्यांवर दोन प्रतिमा अचूक जुळवल्या, तरी धार कधी नाकावर येते, कधी कानावर. एफ/८वर, पोस्टकार्डाएवढ्या छापील फोटोत हे कुणाच्या लक्षातही आलं नसतं. स्क्रीनवर फोटो मोठा केला की लगेच दिसतं. जाणकार कारागीर लेन्सच्या आत पातळ पट्टी घालून किंवा असलेली काढून जवळचा फोकस जुळवून देतो, मग लांबचा जरा हलतो. दोन्हीकडे पूर्ण समाधान मिळत नाही. आपण काय टिपणार हे आधी ठरवून त्याला सांगावं.

रुंद कोनाच्या जुन्या लेन्सच्या वाटेला मी सुरुवातीला जाऊ नका असंच सांगेन. त्यांची मागची काच सेन्सरच्या फार जवळ येते, किरण तिरपे पडतात आणि कोपरे गुलाबीसर आणि काळवंडलेले येतात. ५० मिमी निवडा. आत ढकलून मिटणारी लेन्स असेल, तर ती आपल्या कॅमेऱ्यात सुरक्षित मिटते याची खात्री केल्याशिवाय मिटवू नका. रेंजफाइंडर खिशाला झेपत नसेल, आणि बहुतेकांना तो झेपत नाहीच, तर हीच लेन्स अ‍ॅडॉप्टर लावून साध्या मिररलेस कॅमेऱ्यावर चढवा. स्क्रीनवर बघून फोकस करता येतो, त्यामुळे मापाचा घोळही उरत नाही.

या छंदाचा खरा शत्रू आपला पावसाळा आहे. आषाढ-श्रावणात हवेतला ओलावा लेन्समध्ये शिरतो आणि काचेवर बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे पसरतात. त्यातून झिरपणारं आम्ल कोटिंग खातं आणि मग साफ केल्यावरही ओरखडा राहतो. नुसता दुधाळ थर असेल तर तो बहुधा पुसून निघतो. असल्या धुरकट लेन्सला ‘स्वप्नाळू’ म्हणून चढ्या भावात विकतात ते मला अजिबात पटत नाही. ती बिघडलेली लेन्स आहे, तिची साफसफाई व्हायला हवी.

तुमच्या आजोबांचा कॅमेरा कपाटात चामड्याच्या पेटीत पडून असेल, तर मृग लागायच्या आत बाहेर काढा. चामडं ओल धरतं, म्हणून पेटी वेगळी ठेवा. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून एका बाजूने टॉर्च लावा आणि दुसऱ्या बाजूने काच तिरकी धरून बघा. धागे दिसले तर स्वतः उघडू नका, कारागिराकडे न्या. स्वच्छ असेल तर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, पुड्या वेळोवेळी बदला, आणि महिन्यातून एकदा तरी लेन्स कॅमेऱ्यावर चढवून वापरा.